खालांनी आज स्वतःच्या हाताने खाल्लं

मंडळी, आज मला गप्प बसवत नाहीये, म्हणून सांगतेच.

बेचाळिसाव्या वर्षी मी आरोग्य आणि समाजसेवेच्या डिग्रीला ॲडमिशन घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. सध्या यूएईतल्या अल ऐन शहरातल्या एका वृद्ध केंद्रात माझं प्रॅक्टिकल चालू आहे.

तिथे रत्नागिरीच्या एक खाला, म्हणजे मावशी, आहेत. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना सगळे भरवतात. आज केंद्रातल्या आमच्या सुपरवायझर मॅडमना विचारून मी चमचा त्यांच्याच हातात दिला आणि शेजारी बसले.

हात थरथरला. खिचडी अंगावर सांडली. चमचा काढून घ्यावासा वाटत होता, पण माणसाला जे जमतं ते त्याला करू द्यावं, हेच तर आम्ही शिकतोय. मी थांबले.

शेवटी एक घास तोंडात गेला. खाला माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघतेस काय? आणखी वाढ!"

दारात त्यांचा मुलगा डोळे पुसत उभा होता. "तुम्ही नर्स आहात का?"

"नाही, विद्यार्थिनी आहे," मी म्हटलं. हा शब्द उच्चारताना इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

तुमच्यापैकी कोण कोण अजून "आता या वयात कुठे शिकायचं?" म्हणत थांबलंय?