गडी बिमार होता

आमच्या घरात स्वयंपाकघर एकच आहे, पण कॉम्प्युटरमध्ये तीन चुली आहेत. दिग्रसमध्ये ही गोष्ट चारचौघांत सांगायची सोय नाही, लोक आधी विचारतात, ‘‘कोन वेगळं निघालं?’’ कोणी निघालेलं नाही. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे, त्याची बियाण्या-खतांची बिलं नव्या विंडोजवर होतात. मी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते, त्याला लिनक्स लागतं. आणि माझे सासरे कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतात. तो खेळ फार जुन्या विंडोजवरच चालतो, दुसरीकडे सुरूच होत नाही.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि येताना शाळा घरी घेऊन आले. आमच्या घरात वरणाला फोडणी उशिरा पडली तरी कारण विचारलं जातं. अशा माणसाला गावात बुद्धिबळ खेळायला कोणी उरत नाही. जे हरायचे ते चिडायचे आणि जे जिंकायचे त्यांना मामाजी त्यांच्या चुका समजावून सांगायचे. शेवटी कॉम्प्युटर उरला, कारण तो ऐकून घेतो.

तो खेळ कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतून आला होता. त्यातल्या सगळ्या पायऱ्या मामाजींनी सर केल्या होत्या, शेवटची सोडून. शेवटच्या पायरीवरचा गडी त्यांना वर्षानुवर्षं हरवत आला होता. मामाजी त्याला ‘गडी’च म्हणत. ‘‘एक डाव मले याले मात द्याची आहे,’’ ते जेवताना सांगत. ‘‘एकच. मंग मी मोकळा.’’ मी त्यांना मोबाइलवर खेळायला शिकवलं, त्यात जगभरचे लोक भेटतात. दोन दिवस खेळले आणि म्हणाले, ‘‘ओळख ना पाळख. यायले हरवून काय करू?’’

मी लग्न होऊन पुसदहून आले तेव्हा घरात एकाच कॉम्प्युटरवरून महाभारत चालू होतं. नवऱ्याला नवी विंडोज टाकायची होती आणि मामाजी जुनीला हात लावू देत नव्हते. मी म्हटलं, तिन्ही ठेवता येतात, डिस्कचे हिस्से पाडायचे. हिस्से म्हटल्याबरोबर मामाजी सावध झाले. भावकीत शेताची वाटणी पाहिलेला माणूस.

‘‘मधात धुरा राहते का?’’ त्यांनी विचारलं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध.

‘‘राहते, मामाजी.’’

‘‘अन् कोनी रातून धुरा सरकवला तं?’’

सरकवता येतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. नंतर नवऱ्याची बिलं वाढली तेव्हा मी तो खरंच सरकवला, पण माझ्याच वावरातून जागा दिली.

कॉम्प्युटर सुरू केला की आधी तीन नावांची यादी यायची. काही सेकंदांत बटण दाबलं नाही तर सगळ्यात वरचं नाव आपोआप उघडायचं. वर कोणाचं नाव, यावर चर्चा झाली नाही. वडीलधाऱ्याचं नाव वर. त्यामुळे नवरा बिल काढायला बसला आणि जरा इकडे तिकडे पाहिलं की थेट वडिलांच्या पटावर जाऊन पडायचा. दुकानात शेतकरी पावतीसाठी खोळंबलेला आणि हा घरून फोनवर सांगतोय, ‘‘थांबा, बाबाचं उघडलं.’’

अशी आमची तीन बिऱ्हाडं सुखात होती. मग एका मे महिन्यात दुपारी कॉम्प्युटरच्या डब्यातून जळका वास आला आणि तो गेला. डिस्क तेवढी वाचली. नवा डबा आणला, पण त्याने जुन्या विंडोजला दारातच उभं केलं. इतकी म्हातारी त्याला चालत नव्हती. मामाजी दोन दिवस बोलले नाहीत. फोडणीबद्दलही नाही. त्याची मला भीती वाटली, कारण मी या माणसाची बडबड गृहीत धरून जगत होते.

मग मी दुसरा मार्ग काढला. लिनक्सच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करता येतो, त्यात जुनी विंडोज ठेवायची. तिला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. आत्याबाईंनी हे नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हंजे तुह्या हिश्श्यात भाड्यानं ठेवलं म्हन ना.’’ मी याहून सोपं आजवर कोणाला सांगू शकलेले नाही.

पट पुन्हा उघडला. मामाजी टोपी घालून बसले. आणि त्या आठवड्यात ते जिंकले.

शेवटच्या पायरीवर. घरात दिवाळी झाली. आत्याबाईंनी शिरा केला, नवरा पेढे आणि गुलालाची पुडी घेऊन आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो गेला आणि नागपूर, अमरावतीहून अंगठे आले. मामाजींनी पेढा खाल्ला. गुलाल लावायला नवरा पुढे झाला तेव्हा मात्र त्यांनी हात आडवा धरला.

‘‘थांब. गडी बिमार आहे.’’

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मामाजींच्या तरुणपणी त्यांच्या घरी शंकरपटाची जोडी होती. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. त्यांनी आम्हाला त्या वेळची गोष्ट सांगितली. एका पटात त्यांची जोडी पहिली आली. लोक गुलाल घेऊन धावले, तोवर त्यांच्या मोठ्या भावाने पाहिलं की समोरच्या जोडीतला डावा बैल लंगडतोय. भावाने गुलाल घेतला नाही. बैल सोडले आणि मागच्या वाटेने घरी नेले. ‘‘लंगड्या जोडीसंग जितलं म्हनून गुलाल नसते उधळत,’’ मामाजी म्हणाले. ‘‘याले काई तरी झालं आहे. प्यादं खाते, पन वजीर घरी नेता येत नाई त्याले.’’

मग सकाळी त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं: ‘कालची बाजी धरू नये. गडी बिमार होता.’ नागपूरहून आमच्या नणंदेचा घाबरून फोन आला, की बाबा बरे आहेत ना.

मी तपासलं. गडी खरंच बिमार होता. खोट्या कॉम्प्युटरला खऱ्याची पूर्ण ताकद मिळावी म्हणून डब्याच्या मूळ सेटिंगमध्ये एक कळ चालू करावी लागते, ती बंद राहिली होती. हा खेळ प्रत्येक चालीला ठरावीक वेळच विचार करतो. त्या वेळात पूर्वी तो जितकं पुढचं पाहायचा, त्याच्या निम्मंही आता पाहत नव्हता.

मी कळ चालू केली. दुसऱ्या दिवशी मामाजी चहा निवायच्या आत हरले. पुन्हा बसले, पुन्हा हरले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, ‘‘बाई, याले कोनी दारू पाजली का?’’ शंकरपटात बैलांना दारू पाजणारे लोक असतात, ते त्यांनी पाहिलेलं होतं. यातही ते बरोबरच होते. नवा डबा जुन्याच्या कितीतरी पट वेगवान होता आणि त्या वेगाने गडी उधळला होता.

आता जुना गडी कुठून आणायचा? खोट्या कॉम्प्युटरला किती ताकद द्यायची, याची एक पट्टी असते, ती मागेपुढे सरकवता येते. पण जुन्याची नेमकी ताकद किती होती, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्याच्याकडून वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या माणसाला माहीत होतं. मामाजींची एक ठरलेली परीक्षा होती. ते पटाच्या कडेचं एक प्यादं मुद्दाम उघडं टाकायचे. बिमार गडी वजिराने ते खायचा आणि अडकायचा. दारू प्यालेला गडी त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही. ‘‘आपला गडी लोभी आहे,’’ मामाजी म्हणायचे. ‘‘प्यादं खातेच. पन खाऊन निसटते.’’

पावसाळाभर हे चाललं. दुपारी मामाजी खेळायचे, संध्याकाळी मला कळवायचे, ‘‘अजून ढिला आहे,’’ नाहीतर, ‘‘आज जास्त झालं.’’ मी पट्टी सरकवायची. बैलाच्या पेंडीचं, ढेपेचं प्रमाण ठरवावं तसं.

या दिवसांत आत्याबाई एकदा माझ्याजवळ येऊन बसल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, ‘‘बाई, जरासा बिमारच राहू दे ना त्याले. या वयात एकखेप जितले तं काय होते? ह्यायले काय समजते?’’

‘‘समजते, आत्याबाई. पहिल्याच दिवशी समजलं ना.’’

‘‘थोडासाच बिमार.’’

नवऱ्याचंही हेच मत होतं, फक्त तो ते जेवताना डोळ्यांनी सांगायचा. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं. पट्टी केसभर मागे घेतली असती तर ते काम एका बोटाचं होतं. पण मामाजी रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचे, पाटी तपासायला देणाऱ्या पोरासारखे, आणि मी सांगेन ते धरून चालायचे. आयुष्यभर इतरांच्या पाट्या तपासलेला माणूस. माझं बोट पुढे झालं नाही.

पोळा झाल्यावर एका दुपारी आतून हाक आली. मी धावत गेले. पटावर मामाजींचा राजा कोपऱ्यात मेला होता आणि मामाजींचा चेहरा फुलला होता.

‘‘हाच तो!’’ ते म्हणाले. ‘‘प्यादं खाल्लं अन् निसटला लेकाचा. हरलो मी!’’ आत्याबाईंनी बाहेरून विचारलं, शिरा करायचा की कसं. मामाजींनी माझ्याकडे वळून सांगितलं, ‘‘आता हात नको लावू. कोनी म्हनलं तरी.’’ हे त्यांनी जरा मोठ्यानेच सांगितलं. बाहेर भांड्यांचा आवाज थांबला.

त्यानंतर ते नियमाने हरू लागले. फोडणीची चौकशीही पुन्हा सुरू झाली.

हिवाळ्यात आत्याबाई आणि मी दारापुढच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मामाजी दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात होती.

‘‘बाई, त्याले जरा पाहून ये. बरा आहे का तो.’’

मी उठून गेले. पट्टी होती तिथेच होती. कळ चालू होती. लिनक्समध्ये दुसरं काही चाललेलं नव्हतं, त्याच्या वाट्याचं सगळं त्याला मिळत होतं. पटावर मामाजींच्या वजिराने गड्याच्या राजाला शह दिला होता, राजा सरकला होता, पुन्हा शह, पुन्हा तीच घरं, आणि खाली खिडकी आली होती की डाव बरोबरीत सुटला. आजवर ती खिडकी आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती.

मी परत आले. ‘‘ठणठणीत आहे, मामाजी.’’

‘‘तू हात नाई लावला?’’

‘‘नाई.’’

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ओट्यावर टेकले आणि टोपीनेच डोळे पुसले. त्या एका ‘नाई’साठी मी पावसाळाभर बोट आवरलं होतं, हे मला तेव्हा समजलं. आत्याबाई आत गेल्या आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर मेपासून पडून असलेली गुलालाची पुडी घेऊन आल्या. मामाजींनी एक गाल पुढे केला. आत्याबाई दुसऱ्याकडे वळल्या तर मान मागे घेतली.

‘‘एकच. बरोबरी आहे.’’

‘‘मंग आता अर्ध्या तोंडानं गावात जासान का?’’

ते गेले. टोपी घालून, एक गाल गुलाबी घेऊन, बाजारातून बसस्टँडपर्यंत. जो विचारेल त्याला थांबवून सगळा डाव पहिल्या चालीपासून समजावून सांगितला. उरलेली पुडी आत्याबाईंनी दोरा गुंडाळून पुन्हा डब्यावर ठेवली आहे. धूळ पुसताना मी ती उचलते आणि परत तिथेच ठेवते.