माधवनगरचा भोंगा आणि जुबेदाभाभी

जुबेदाभाभीच्या सलीमचा फोन आला. "आक्का, यायचं आसंल तर लवकर या. अम्मी माणसं इसराय लागलीया. परवा मलाच म्हणली, दूध मोजून घाल." झालं! शनिवारी सकाळीच कंदी पेढे घेऊन आम्ही बहीणभाऊ साताऱ्याहून सांगलीकडे निघालो. भाभीनं मला एकदा, एकदाच, 'शकू' म्हणून हाक मारावी, एवढंच हवं होतं मला.

दादा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालाय, पण गाडी अजून ताफ्यातच चालवतो. पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायचं म्हणून नाव नाही. कऱ्हाडला मिसळ आणि चहा, दोघांचे मिळून अडीचशेच्या आत. पेठ नाक्याहून सांगलीकडे वळलात की मात्र कंबर सांभाळा, बाबांनो. माझी आष्ट्यापर्यंत टिकली.

एकाहत्तरच्या लढाईत आमचे वडील सीमेवर होते आणि आई आम्हाला घेऊन सांगलीजवळच्या माधवनगरला मामाकडे, गिरणीच्या चाळीत राहिलेली. शेजारी जुबेदाभाभी. एकदा विमानहल्ल्याचा सराव ठरला. भोंगा वाजला की सगळ्यांनी घरात जाऊन पलंगाखाली शिरायचं. पण माधवनगर उठायचं, जेवायचं, झोपायचं ते गिरणीच्या भोंग्यावर! भोंगा झाला आणि अख्खी चाळ डबे घेऊन रस्त्यावर. भाभीचे मियाँ झोपेतून उठून एकाच पायात चप्पल घालून पळत सुटले. होमगार्ड ओरडतोय, "आवं, बॉम्ब पडतोय, आत व्हा की!" मियाँ पळता पळता म्हणतात, "बॉम्बचं बघू, माझा खाडा तू भरून देणार हाईस व्हय?"

संध्याकाळी लढाईच्या ब्लॅकआउटचे दिवे बंद झाले की भाभी आम्हा पोरांना अंधारात भाकरी भरवायची. माझा एक घास दादाच्या कानात गेला होता. दादा हे आजही मान्य करत नाही.

गिरणी आता बंद आहे. भाभी दारातच खुर्चीवर बसली होती, एवढीशी झालेली. ओळख पटावी म्हणून दादा, साठी उलटलेला सुभेदार, भोंग्याचा आवाज काढत थेट पलंगाखाली शिरला. शिरला खरा, पण निघता येईना. मी आणि सलीमनं पाय धरून ओढून काढला. भाभी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"लय ग्वाड माणूस हाय," ती मला म्हणाली. "कुणाचा गं?"

"भाभी, मी शकू."

"व्हय का? बस की."

मला रडूच फुटलं. कशाला आलो एवढ्या लांब, असं वाटलं.

निघताना पाया पडले, तर तिनं माझा हात धरून ठेवला. हळूच विचारलं, "पोरी, तुजं बाबा आलं का गं लढाईवरनं?"

बाबा तेव्हाच परत आले होते. पुढं नातवंडं खेळवून, म्हातारे होऊन गेले. दादाच म्हणाला, "आले भाभी. धडधाकट आले."

"आल्लाची मेहरबानी. मग आईला सांग, आता तरी पोटभर जेव म्हणावं."

सांगलीत भडंग घेतला, चांगला दोन किलो. पण परतीच्या वाटेवर पुडा कुणी फोडला नाही. साताऱ्यात घरापाशी दादानं गाडी थांबवली.

"शकू, आई तवा जेवत नव्हती, हे तुला ठाऊक होतं?"

मला कुठून ठाऊक असणार? मी पाच वर्षांची होते. पोटभर जेवत होते.