नवव्या गाण्याचा शेवट

“काका, तो कोट काढता का जरा?”

वाळूने ट्रम्पेट ओठांना लावलेलाच होता. मोखाड्याच्या महोत्सवात कोणाचं पथक वाजणार, हे ठरवायला त्या मॅडम शहरातून आल्या होत्या. वाळूचा पाच जणांचा बँड सकाळपासून हॉलबाहेर ताटकळून आत्ता कुठे आत आला होता. लाल कोट, सोनेरी झालर, पायांत प्लास्टिकच्या चपला.

“का? कोटानं काय केलं?”

“पारंपरिक वाटायला हवं ना. तुमच्याकडे तो भोपळ्याचा तारपा नाही?”

“तारपा फागूमामा वाजवतो. त्याला बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या. मी ट्रम्पेटवाला.”

मागे ढोलवाल्या उमेशने मोठ्याने श्वास सोडला. स्टेज मिळालं नाही तर ढोल विकून भिवंडीच्या गोदामात जाणार, असं त्याने येताना जीपमध्येच जाहीर केलं होतं. लग्नं सगळी डीजेने नेली. उरली ती वांगणीसारख्या गावांतली, जिथे रस्ताच असा की डीजेची गाडी चढत नाही. आणि उमेश गेला तर वाळूची गाणीच गेली.

कारण ती गाणी ढोलावर उभी. ठाण्याला बिगारीवर असताना वाळूने फुटपाथवरून एक कॅसेट आणली होती. वर काळ्या-पांढऱ्या चौकड्या, कोट घातलेली आठ माणसं, हातात ट्रम्पेट. त्याला वाटलं, बँडवाल्यांनी शिकायची कॅसेट असणार. निघाली कुठल्या तरी विलायती बँडची. वर इंग्रजीत ‘सर्वांत गाजलेली गाणी’ लिहिलं होतं, हे त्याला दहा वर्षांनी कळलं. पण मोखाडा तालुक्यात ती गाजवली कोणी? वाळूने. चौदाच्या चौदा, कानाने ऐकून.

ठेका सगळा उलटा. पाऊल खाली पडतं तेव्हा ढोल गप्प, उचललं की वाजतो. “चिखलात नाचायला बरं,” बायको गोदी म्हणाली होती, “पाय आपोआप वर येतो.” तेव्हापासून हळदीला पाचवं, नवऱ्याला मांडवात आणायला तिसरं, नवरी निघाली की नववं. वांगणीच्या रघ्याच्या लग्नात तेच, रघ्याच्या पोराच्या लग्नातही तेच. मागून घेतात लोक!

“वाजवू का?” वाळूने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता नववं धरलं.

मॅडमनी मोबाईल पुढे केला. मिनिटभरात मोबाईलने गाणं ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “मला वाटलंच! हे तर परदेशी आहे. ऐका, मूळ गाणं.”

मोबाईल वाजू लागला. वाळूने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कॅसेट तुटून कैक वर्षं झाली होती, आणि नवव्याचा शेवट तर त्याने कधी ऐकलाच नव्हता. पहिल्याच आठवड्यात टेपने तिथली फीत खाल्ली होती. शेवट त्याने स्वतः बसवला. नवरी पाड्याबाहेर पडेपर्यंत सूर हळूहळू बारीक होत जातो.

मोबाईलमधल्या बँडने तीन ठोके मारले आणि गाणं थांबलं.

“झालं?” वाळू ओरडला. “असं तोडतात? पोरगी अजून बांधावर पण पोचली नाय!”

“काका, मूळ हेच आहे.”

“असेल! पोरं चांगली वाजवतात, नाय नाय म्हणत. पण शेवटाला अक्कल लागते. आणि पारंपरिक पाहिजे म्हणता? वांगणीला जा, कुठल्याही म्हातारीला विचारा, तिची लेक कशावर गेली!”

मॅडमनी कागदावर लिहिलं: परदेशी संगीत, अपात्र. पेनाचं टोपण लावलं. “पुढचे या.”

म्हातारीला विचारायला कोण जातंय!

बाहेर जीपच्या टपावर उमेश ढोल बांधू लागला. दोर इतका आवळला की हाताला वळ उठले.

“भिवंडीची जीप पलीकडून सुटते,” वाळू कोरडेपणाने म्हणाला.

“माहीत हाय.” उमेशने आणखी एक गाठ मारली. “शुक्रवारी वांगणीला पोशीचं लग्न हाय ना? तिला काय, तीन ठोके मारून हाकलायची?” मग तिरकं बघून म्हणाला, “की तो मूळ शेवट घेऊ या, वाळूदादा? शुद्ध हाय म्हणं.”

“घेऊन तर बघ!” वाळूने ट्रम्पेटच उगारला. “टपावरून खाली फेकीन, ढोलासकट!”