उपरण्याचा उजेड

आज पूजेनंतर ओले उपरणे उन्हात वाळत घातले. त्यावरून परतलेला उजेड डोळ्यांत शिरला आणि लोणारच्या देवळाचा तो तापलेला दगडी ओटा आठवला.

माझ्याकडे संस्कृत शिकणाऱ्या वैशालीला नृत्याच्या शिष्यवृत्तीसाठी छायाचित्र हवे होते. अर्ज त्याच दुपारी टपालात पडायचा होता. भर उन्हाने तिच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत, म्हणून छायाचित्रकाराने मला माझे पांढरे उपरणे, त्यावरचा उजेड मुखावर परतावा असे, तिच्यासमोर धरायला लावले होते.

"काऊन हलून राह्यली वं? फोटो हालते ना!" तो खेकसला.

"काही नाही भाऊ, घ्या तुम्ही," वैशाली म्हणाली.

ती त्या तापल्या ओट्यावर अनवाणी उभी होती; चपला पायरीखाली होत्या. देवाच्या ओट्यावर पादत्राण नको, असे मीच बजावले होते. उपरणे तिच्या पायांखाली अंथरावे, असे मनात आले. पण मग मुखावर अंधार आला असता. मी ते धरूनच राहिलो. ती निश्चल झाली. कळ दाबली गेली.

दुसऱ्या दिवशी ती तळव्यांवर फोड घेऊन लंगडत पाठाला आली आणि नेहमीसारखी पोथी उघडून बसली.

शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या मुखावरील त्या शांतीला मी कित्येक वर्षे ईश्वरी कृपा म्हणत आलो. छायाचित्र मात्र कमरेपाशीच संपते. त्यात चपला दिसल्याही नसत्या. आणि देवाने तर त्या सहज सोसल्या असत्या.