फुगा आणि किल्ली

माझी सून दिवसभर पाणी फिरवते. हसू नका, मीही आधी हसलेच होते. भाजलेल्या माणसांसाठी कातडीच्या पेशी वाढवायच्या, त्या म्हणे हळुवार फिरत्या पाण्यात वाढतात. काचेच्या उभ्या भांड्याच्या तळाशी तबकडी फिरते आणि पाणी गरगरतं. वेग जरा वाढला की मधोमध पाण्याचाच एक फुगा धरतो. त्यातलं पाणी तिथेच घुटमळतं, पेशी अडकतात आणि मरतात. सुनेचं म्हणणं, मधून बारीक दांडी तबकडीच्याच दिशेने फिरवली की फुगा जिरतो.

ती एकदा म्हणाली की म्हणाली. घरात आम्ही तिला ठामबाईच म्हणतो. पण तिचे मोठे साहेब कंटाळले होते. शुक्रवारी फुगा घालवून दाखव, नाहीतर प्रयोगाच्या खोलीची किल्ली परत दे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी नातीला घेऊन मीही गेले. सुनेने किल्ली माझ्या पिशवीत टाकली. द्यायची वेळच येणार नाही, म्हणाली.

साहेब आले. तिने वरून निळा रंग सोडला. रेघ सरळ उतरली आणि मध्यावर फुगली. मग तिने दांडी सुरू केली, तर फुगा जिरायचा सोडून चांगला दुप्पट झाला! माझ्या तोंडचं पाणी पळालं. साहेब घड्याळ बघायला लागले.

सुनेने वाकून तळाची मोटर पाहिली, मान वर करून दांडीची पाहिली आणि चक्क हसली. दोन्ही मोटरी तिनेच आदल्या दिवशी अगदी एकसारख्या जोडल्या होत्या. पण एकीचं तोंड वर, दुसरीचं खाली. समोरासमोर बसवल्यावर त्या एकमेकींच्या उलट्याच फिरणार, दुसरं काय होणार?

"उलटी फिरवली की फुगा वाढतो, हे फुकटात कळलं," ती साहेबांना म्हणाली. "आता सुलटी बघा."

तिने वरच्या मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल केली. फुगा आक्रसत गेला आणि निळी रेघ तळापर्यंत सरळ उतरली. साहेबांनी वाकून रेघ तळापर्यंत निरखली आणि ते दाराकडे निघाले.

मला कुठलं राहवतंय? आता हिचं काय करायचं, असं विचारत पिशवीतली किल्ली काढून सरळ त्यांच्यापुढे धरली.

"जिची आहे तिला द्या," ते म्हणाले.

मी किल्ली सुनेच्या हातात ठेवली. आमच्या ठामबाईचा तळवा घामाने चिंब झाला होता.