जांभळं राहिलं तरच खायचं

अख्ख्या बीड जिल्ह्यात जेवणावर इतका जीव टाकणारा आणि त्याच जेवणाकडे इतक्या संशयानं बघणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब! एका डेअरीच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला आहे. दुधात, खव्यात अपायकारक जंतू शोधायचे हे त्याचं काम. पूर्वी निकालाला दोन-तीन दिवस लागायचे. आता छोट्या बाटल्या आल्यात. आतल्या जांभळ्या पाण्यात चिमूटभर नमुना टाकायचा आणि बाटली उबेला ठेवायची. सकाळी टाकली की दुपारी निकाल. पाणी पिवळं झालं तर माल फेकायचा, जांभळं राहिलं तर खायचं. बरं, हे डेअरीत करावं की नाही? हा गडी बाटल्या खिशात घालून सोयऱ्याधायऱ्यांत हिंडतो.

आणि मांडवात ऊब कुठून आणायची? तर काखेतून. नेकनूरच्या एका लग्नात उजव्या काखेत बाटली दाबून यानं डाव्या हातानं अक्षता टाकल्या. वरमाईचं तोंड उतरलं. पावण्याच्या हाताला काय झालं म्हणून तिनं मला विचारलं, तर मी फ्रॅक्चर म्हणून सांगून मोकळा झालो. साडू काखेत मठ्ठा उबवतोय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? एकदा एक पुढारी मांडवभर हात मिळवत फिरला. यानंही मिळवला, कोपऱ्यात जाऊन बोटं कापसानं पुसली आणि कापूस बाटलीत. निकाल विचारला तर गंभीरपणे म्हणाला, "इतक्या लवकर पिवळी झालेली बाटली मी पैल्यांदाच बघतोय."

पण माझ्या मुलीच्या लग्नात माझंच हसू पळालं. आमच्या सासूबाईंची आष्टीकडं खव्याची भट्टी. नातीच्या लग्नाचे पेढे माझ्याच हातचे, असा त्यांचा हट्ट. ऐन उन्हाळ्यात, सुकू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच ओल्या फडक्यात गुंडाळून, पहाटेच्या गाडीनं त्या खवा घेऊन गेवराईला आमच्या घरी उतरल्या. हळदीची सकाळ होती. साडूनं पाया पडता पडता खवा, डबा, फडकं सगळ्याचे नमुने घेतले, आणि बांगड्या बघतो म्हणून सासूबाईंची (त्यांना तो मामी म्हणतो) बोटंसुद्धा कापसानं पुसली. मी त्याला बाजूला घेऊन हात जोडले. म्हातारीचं मन मोडू नको, काही निघालंच तर मला सांग, आपण गुपचूप खवा बदलू. त्यानं बाटल्या काखेत दाबल्या आणि चालू लागला.

चहाच्या वेळेला तो बाटल्या घेऊन थेट सासूबाईंसमोर मांडी घालून बसला.

"मामी, खवा खराब झालाय. पेढे करता येनार न्हाईत."

सासूबाईंचा चेहरा पडला. जन्मभर माझ्या हातचं खाऊन कोणी आजारी पडलं न्हाई, असं त्या पुटपुटल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मला तर साडूच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्यानं दोन बाटल्या पुढं केल्या. एक पिवळी, एक जांभळी.

"ही पिवळी फडक्याची. रातभर उन्हाळ्यात ओलं राहिलं, त्याच्यातून आलंय. आन ही तुमच्या हाताची. हात निर्मळ हायेत, मामी."

सासूबाई कितीतरी वेळ त्या जांभळ्या बाटलीकडं बघत राहिल्या. मग पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "दूध मागवा, जावईबापू." साडूनंच अंगणात चूल पेटवली, कढई ठेवली आणि घामाघूम होऊन त्यांच्यासोबत उलथनं फिरवलं. दिवेलागणीला नवा खवा तयार झाला. माझी मात्र मान खाली गेली होती. मी म्हातारीला जपायला निघालो होतो, आणि तिच्यावर विश्वास होता तो त्याचा.

आता सासूबाईंचे गुडघे गेलेत, भट्टी बंद आहे. परवा लेकीच्या मुलाच्या बारशाला दुकानातले पेढे आणले. बाटली जांभळीच राहिली. साडूनं अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला ताटलीत ठेवला. काय झालं, मी विचारलं.

"निकाल चांगला हाय," तो म्हणाला. "पर मामीचा न्हाई."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि पदरानं आपले कोरडेच हात पुसत राहिल्या.