शिकारपूर कुठलं?

सीमेवर लढाई पेटली तेव्हा आमच्याकडे कैऱ्या फोडणं चाललं होतं. हिंगोलीत आमचं लोणच्याचं दुकान आहे. पाटीवर नाव ‘शिकारपुरी लोणचं’. हे शिकारपूर सिंधमधलं. फाळणीत सासूबाई लहान असताना आईच्या कडेवर तिथून निघाल्या. आजवर ते नाव कुणाला खटकलं नव्हतं. त्या आठवड्यात खटकलं. गल्लीतली तीन तरणी पोरं दुकानात आली.

“काकू, पाटी बदला. दुश्मनाचं गाव काहून मिरवता?”

घरी विचारते, म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

संध्याकाळी आमचे सिंधी दुकानदार जमले. धास्ती सगळ्यांनाच होती. दीर म्हणाले, “वहिनी, कर्नाटकातबी एक शिकारपूर हाय. तिथलं म्हणून सांगू.”

“तिथं असलं लोणचं करतात का?”

“आता करतील!”

सगळे हसले आणि तेच ठरलं. पाटीवर ‘कर्नाटक’ लिहायला दिरांनी रंगाऱ्यालाही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोरं परत आली. दीर कर्नाटक सुरू करणार, तेवढ्यात सासूबाई मसाल्याच्या हातांनी बाहेर आल्या.

“कर्नाटक मी पाह्यलंबी न्हाई. सिंधमधलं हाय हे. मी तिथंच जन्मले. घर गेलं, जमीन गेली. आईनं लोणचं घालायची रीत तेवढी आणली.”

“आजी, लोक म्हणतात तुमचा जीव तिकडंच हाय.”

“जीव तिकडं असता तर इकडं मरायला आलो असतो काय? नवऱ्याला अग्नी ह्याच गावात दिला. आणि तू रे, तुझ्या आईला डोहाळे लागले तवा ह्याच बरणीवर जगली ती. तवा काहून न्हाई विचारलं, शिकारपूर कुठलं?”

बाकीची दोघं फिस्सकन हसली. तो मात्र कानापर्यंत लाल झाला. “चला रे,” म्हणून निघाला.

दुपारी रंगारी शिडी घेऊन हजर झाला. दीर त्याला परत पाठवत होते. सासूबाईंनी अडवलं.

“आलाच हायेस तर अक्षरं उजळ. अन् खाली बराबर ‘सिंध’ लिही. कर्नाटकाचं वाटाय नको कुणाला.”

मी शिडी धरली. त्या मोसमात काही गिऱ्हाइकं फिरकली नाहीत, ती आम्ही जाऊ दिली. पाटी रस्त्याच्या पार पलीकडून वाचता येते.